‘गरीब’ म्हणजे केवळ निर्धन नव्हे

म्हापशाच्या एका वाचकाने विचारले आहे की, पिढ्यानपिढ्या न हटणाऱ्या हलाखीवर लिहिताना ‘गरिबी’ लिहावे की ‘दारिद्र्य’. त्यांच्या मुलीच्या निबंधातली ‘गरिबी’ शिक्षकांनी परकी म्हणून खोडली आहे. दोन्ही शब्द मराठीच आहेत. ‘दारिद्र्यरेषा’ ही रूढ संज्ञा तेवढी बदलू नये. मात्र अरबीतून आला एवढ्याच कारणाने रुळलेला शब्द खोडण्याच्या या सवयीची मला मनस्वी चीड आहे, आणि येथे तर शब्दाबरोबर विषयाचे मर्मही खोडले गेले आहे.

अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, आपल्या माणसांपासून दूर पडलेला. ‘गर्ब’ म्हणजे सूर्य मावळतो ती पश्चिम दिशा. ‘मगरिब’ची नमाज याच धातूची. इबेरियातल्या अरबांनी पश्चिमेकडच्या मुलखाला ‘अल्-गर्ब’ म्हटले, त्याचे ‘आल्गार्व्ह’ (पोर्तुगालचा दक्षिण भाग) झाले, आणि ज्यांच्या नावाने गोव्यात फर्माने निघत ते राजे स्वतःला ‘पोर्तुगाल व आल्गार्व्ह यांचा राजा’ म्हणवीत. म्हणजे आपल्या ‘गरिबा’चा सख्खा भाऊ थेट राजाच्या बिरुदात बसलेला होता! मोहरमातल्या ‘शामे गरीबां’मध्ये, म्हणजे करबलेनंतर निराधार उरलेल्यांच्या शोकाच्या संध्याकाळी, हा मूळ अर्थ टिकला आहे, आणि हिंदीतल्या ‘अजीबोगरीब’चा तर पैशाशी काडीचाही संबंध नाही. ‘ज्याचे येथे कोणी नाही’ याचे ‘ज्याच्यापाशी काही नाही’ असे अर्थांतर पुढे झाले.

‘दरिद्र’ तरी वेगळे काय सांगतो? ‘द्रा’ म्हणजे धावणे, आणि त्याच्या द्विरुक्त रूपातून आलेला ‘दरिद्र’ म्हणजे सतत भटकणारा. धातुपाठ, म्हणजे संस्कृत व्याकरणातली धातूंची यादी, ‘दरिद्रा दुर्गतौ’ (दुर्दशेत असणे) असा स्वतंत्र धातू मानतो आणि आपले अनेक पंडित तेथेच थांबतात. हे थांबणे मला मुळीच मान्य नाही. मंगेशीला किंवा रामनाथीला अभिषेकाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या रुद्रात शिवाला ‘दरिद्रन्नीललोहित’ अशी हाक आहे. तेथे ‘निर्धन’ हा अर्थ घेतला की देवाच्या ऐश्वर्याशी मेळ घालण्यासाठी ओढाताण करावी लागते. ‘भटकणारा’ घेतला तर त्याच रुद्रातल्या ‘पथीनां पतये’, म्हणजे वाटांच्या स्वामीशी तो सहज जुळतो.

दोन्ही शब्द मुळात माणसाच्या ठावठिकाण्याबद्दल आणि गोताबद्दल बोलतात, त्याच्या खिशाबद्दल नव्हे, आणि गोव्यात तरी हे कोणाला पटवून द्यावे लागू नये. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या, उत्पन्नात वाटा मिळे तो गावकाराच्या वंशजाला. पिढ्यानपिढ्या त्याच गावात घाम गाळणाऱ्या, पण बाहेरून आलेल्या कुटुंबाला तो नसे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराची तर वरच्या थरातली बहुधा एकच ओळख असे, ती म्हणजे भाटकार, आणि घर जाण्याच्या भीतीने ती ओळख त्याला बांधून ठेवी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर राखले. पण नोकरीची बातमी, जामीन राहणारा माणूस, मुलाला वाट दाखवणारा ओळखीचा या गोष्टी कायद्याने मिळत नाहीत. मुंबईत धोबीतलावाला गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी ‘कूड’, म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा, उभारल्या त्या याचसाठी: बोटीवरच्या कामाची वाट पाहणाऱ्या तरुणाला तेथे पथारीबरोबर आपल्या गावची माणसेही मिळत.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फेसबुकवरच्या सुमारे २,१०० कोटी मैत्रीसंबंधांचा अभ्यास करून असे दाखवले की, गरीब घरातल्या मुलांची सुखवस्तू घरांशी मैत्री जेथे अधिक, तेथे ती मुले मोठेपणी अधिक वर येतात. सुखवस्तू मुलांना लाभतात तितक्या ओळखी त्यांनाही लाभल्या, तर त्यांचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी वाढेल असा त्यांचा अंदाज आहे. म्हणूनच जमीन किंवा दुखणे वारशाने यावे तसे ‘पिढीजात गरीब’ म्हणणे मला चुकीचे वाटते. ‘पिढ्यानपिढ्या गरीब ठेवलेले’ असे लिहावे, आणि त्या मुलीने आपल्या निबंधात ‘गरिबी’ हाच शब्द ठेवावा.