मोठ्या डेटासाठी इंजिनिअर घेताना मुलाखतीत नेमकं काय विचारावं?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत तुमची लहान कंपनी आहे, 500 मच्छीमार बोटींवरचं जीपीएस यंत्र दर 30 सेकंदांनी एक नोंद पाठवतं, आणि आलेल्या प्रत्येक अर्जावर स्पार्क, काफ्का, हडूप (प्रचंड डेटा अनेक मशीनवर मिळून हाताळायची सॉफ्टवेअर) छापलेलं आहे, तर पारख कशी करायची.

आधी उमेदवारासमोर कागद ठेवा आणि हिशेब करायला सांगा. एका बोटीच्या दिवसाला 2,880 नोंदी, म्हणजे सगळ्या मिळून 14 लाख 40 हजार. नोंद 100 बाइटची धरली तर रोजचे 144 एमबी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा वर्षाचे साधारण 44 जीबी. इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) धरून दुप्पट-तिप्पट झाले तरी एका बऱ्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेस, म्हणजे साधा डेटाबेस, हे आरामात पेलतं. हे आकडे पाहून जो म्हणेल, ‘साहेब, तुम्हाला अजून स्पार्क लागत नाही’, त्याला चहा पाजून बसवून घ्या. काफ्का लिंक्डइनने स्वतःच्या अवाढव्य पसाऱ्यासाठी बनवलं आणि 2011 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तो पसारा तुमच्याकडे नाही.

मग खरा प्रश्न. बोट खोल समुद्रात गेली, मोबाइलची रेंज गेली. यंत्राने नोंदी स्वतःकडे साठवल्या आणि तीन दिवसांनी मिरकरवाडा बंदराला लागल्यावर एकदम सोडल्या. मध्येच नेट तुटलं, म्हणून काही नोंदी दोनदा आल्या. मंगळवारचा अहवाल तर या नोंदींशिवायच बोटमालकाला बुधवारी गेलाय. आता काय?

जाणकार माणूस प्रत्येक नोंदीच्या दोन वेळा वेगळ्या साठवायला सांगेल: समुद्रात नोंद झाली ती, आणि सर्व्हरवर पोचली ती. यंत्राचा क्रमांक आणि नोंदीची वेळ मिळून युनिक की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) करेल, म्हणजे तीच नोंद पुन्हा आली तरी दोनदा मोजली जाणार नाही. अहवाल फक्त त्या दिवसापुरता नव्याने काढेल. बॅटरी काढून लावल्यावर यंत्राचं घड्याळ शून्यावर जाऊन 1970 साल दाखवू लागलं तर त्या नोंदींचं काय करायचं, हे तुम्ही न विचारता त्यानेच काढलं तर फारच उत्तम. मला सर्वांत आवडतो तो उलट विचारणारा: ‘अहवाल डिझेलच्या हिशेबाला हवाय की बोट अडचणीत आली तर शोधायला?’ डिझेलला तीन दिवसांचा उशीर चालतो. शोधायचं असेल तर सॅटेलाइटवरून बोलणारं यंत्रच लागेल, कुठलाही इंजिनिअर तिथे कोड लिहून काही करू शकत नाही.

सॉर्टिंगची (यादी क्रमाने लावायची) कोडी, व्हाइटबोर्डवर कोड लिहायला लावणं वगैरे सोडून द्या. त्यापेक्षा बोटींची नावं काढून एका दिवसाची खरी फाइल द्या, दोन तास द्या, त्याचे पैसेही द्या, आणि एवढंच विचारा: यात काय चुकीचं दिसतंय?