प्रेरणा, चालना की तुतारी?

प्रश्न असा आलाय की "भोपाळच्या वायुगळतीमुळे सरकारला पर्यावरण कायदा करायची प्रेरणा मिळाली" हे वाक्य एका गाईडमध्ये वाचलं आणि खटकलं, तर इथे प्रेरणा चालतं का, की चालना किंवा प्रोत्साहन पाहिजे?

खटकलं ते बरोबरच खटकलं. डिसेंबर १९८४ मध्ये त्या गॅसनं हजारो माणसं गेली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला, याला प्रेरणा म्हणणं मला तर गेलेल्यांचा अपमान वाटतो. संस्कृतात प्र आणि ईर् मिळून प्रेरणा, म्हणजे मुळात ढकलणंच, पण आजच्या मराठीत प्रेरणा माणसाच्या आतून उमलते आणि ती चांगल्या गोष्टीपासूनच घेतली जाते. प्रोत्साहन तर अजिबात नाही, त्याला देणारा लागतो आणि त्याच्या हातात अनुदान, सवलत, निदान शाबासकी तरी लागते.

चालनाचं जरा बारीक आहे. जे आधीपासून आहे पण अडलंय किंवा रेंगाळतंय त्यालाच चालना मिळते. आमच्या नागपूरचंच बघा ना, भोवती कापूस पिकतच होता, १८६७ मध्ये रेल्वे इथे पोचली आणि पुढे १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, तर रेल्वेनं इथल्या कापडधंद्याला चालना दिली हे वाक्य एकदम चोख बसतं. रोजगार हमीचंही तसंच. कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंनी आधीच मांडलेली होती, १९७२ च्या दुष्काळात गावच्या गावं खडी फोडायला बसली तेव्हा तिला खरा जोर आला आणि १९७७ मध्ये कायदा झाला, म्हणून संकट असूनही तिथे चालना शोभतं.

पण ज्याला हलायचंच नव्हतं त्याचं काय? त्यासाठी आमच्या विदर्भात तुतारी आहे. फुंकायची नाही, बैल हाकायची, जिला दुसरीकडे पराणी म्हणतात. माझ्या आजोबांची तुतारी म्हणजे बांबूची काठी आणि टोकाला बोटाच्या पेराएवढी लोखंडी आर, धरून धरून काठी मधोमध गुळगुळीत झालेली. बंडी, म्हणजे बैलगाडी, चिखलात फसली की ते आर रुतवत नसत, नुसती बैलाच्या पुठ्ठ्याला टेकवत, तेवढ्यानंच बैल खांदा देऊन जोर लावायचा कारण पूर्वी कधी टोचलेलं त्याला आठवत असायचं. आमच्या घरी अजूनही आळशी पोराबद्दल म्हणतात, "त्याले तुतारी लावल्याशिवाय हालत नाही बावा तो." माणूस असो, कारखानदार असो की सरकार, सगळ्यांना हे लागू पडतं, आणि प्रेरणा शब्दात लपलेलं दुखणं यात उघड दिसतं म्हणून मला हा शब्द फार प्रिय आहे.

अर्थात परीक्षेच्या पेपरात तुतारी लिहू नका, पुण्या-मुंबईचा तपासणारा वाजवायची समजेल. नामाच्या मागे कशाला लागायचं, मराठीत अशा वेळी क्रियापद जास्त नेमकं काम करतं, तेव्हा सरळ लिहा, "भोपाळच्या वायुगळतीनंतर सरकारला पर्यावरण कायदा करणं भाग पडलं." लोकांनी मोर्चे काढून, कोर्टात जाऊन काम करून घेतलं असेल तर "करायला लावलं" लिहा, म्हणजे लावणारे कोण तेही वाक्यात येतं. पेपरात "जाग आली" असंही छापतात, पण झोपलेल्याला आपोआपही जाग येते, इथे तसं झालेलं नाही.

खानदेशात आणि मराठवाड्यात या काठीला काय म्हणतात ते मात्र सांगा, आणि माणसाबद्दल बोलतानाही तो शब्द वापरता का तेही.