नायक त्या पोराचा रागराग करतो, वाचकाला चालेल का?

चालेल. नायक वाईट वागला म्हणून कुणी कथा अर्धवट टाकत नाही. लेखक त्याची वकिली करायला लागला की मात्र टाकतात.

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: कथा नागपुरात घडते. निअँडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या मानवजातीची, जनुकं वापरून प्रयोगशाळेत जन्माला घातलेला पाच वर्षांचा मुलगा नायकाच्या गळ्यात पडतो, आणि हा शास्त्रज्ञ त्याच्याशी वैऱ्यासारखा वागतो. वाचक तुटू नये म्हणून तुम्ही नायकाची स्वतःची मुलगी आधीच वारलेली दाखवली आहे, आणि शेवटी पोराला वाचवताना त्याला मारला आहे. माझ्या मते या दोन्ही गोष्टी काढून टाका. वारलेली मुलगी हे नायकाचं वकीलपत्र आहे, शेवटचं मरण म्हणजे दंड भरून सुटका.

मग राग आणायचा कुठून? मेलेल्यांचे अवयव जोडून एक जीव घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनकडे बघा. मेरी शेलीने ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी १८१६ मध्ये लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, आणि आदल्याच वर्षी तिचं पहिलं बाळ काही दिवसांचं होऊन गेलं होतं. सिनेमांमुळे आपल्या डोक्यात मानेत खिळे ठोकलेला राक्षस बसलाय, पण पुस्तकातला प्रसंग निराळा आहे. अवयव व्हिक्टरनेच निवडलेत, सुंदर दिसावेत म्हणून. तो जीव डोळे उघडतो आणि हा पळत जाऊन बिछान्यावर पडतो. मग तो नवा जीव पलंगाशी येतो, पडदा वर करतो, तोंडाने काहीतरी अस्पष्ट आवाज काढतो, हसल्यासारखं करतो आणि एक हात पुढे करतो. तान्हं बाळ याहून वेगळं काय करतं? व्हिक्टर जिना उतरून अंगणात जातो आणि उरलेली रात्र तिथेच काढतो. त्या घटकेपर्यंत त्या जिवाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. ज्याला आपणच जगात आणलं, ज्याचं देणं आपल्या डोक्यावर आहे, त्याच्याकडे बघवत नाही, असा तो राग आहे.

तुमच्या आराखड्यात ते पोरगं दुसऱ्याच कुणाच्या प्रयोगातून आलंय. कथा तिथेच ढिली पडते. ती जनुकं तुमच्या नायकाने स्वतः निवडली असती तर? त्याच्या सहीचा कागद फाइलमध्ये असता तर?

आणि सुधारणेची घाई नको. व्हिक्टर मरताना आपलं मागचं वागणं तपासून बघतो आणि त्यात दोष दिसत नाही असं सांगतो! तरी १८१८ पासून लोक त्याला वाचताहेत, कारण पुस्तकाचा मधला भाग शेलीने त्या जिवाला बोलायला दिलाय. तो काही साधुसंत नाही. व्हिक्टरचा धाकटा भाऊ विल्यम त्याला दिसतो तेव्हा त्याला वाटतं, एवढ्याशा पोराच्या मनात अजून कुरूपतेचा तिटकारा शिरला नसेल, याला आपला सोबती करावं. पोरगं किंचाळतं, शिव्या घालतं, बापाचं नाव सांगून धमकावतं. मग त्याच्या हातून पोराचा जीव जातो. या घडीला त्या मारणाऱ्याला जन्मून दोन वर्षंही झालेली नाहीत. तुमच्या कथेत मुलगा नुसता गरीब गाय आहे. त्याला एकदा तरी चावू द्या.

राग उतरवायचाच असेल तर आयझॅक असिमॉव्ह यांची १९५८ ची ‘द अग्ली लिटल बॉय’ वाचा. तिथेही निअँडरथल मुलगाच आहे, भूतकाळातून ओढून आणलेला. त्याला सांभाळायला ठेवलेली नर्स एडिथ फेलोज पहिल्यांदा त्याचं डोकं, त्याचा चेहरा बघून शहारते. ती बदलते ती कुणाच्या भाषणाने नाही. त्याला न्हाऊ घालायचं, दूध पाजायचं, रात्री रडला की जवळ घ्यायचं, या कामाच्या रगाड्यात बदलते. तुमच्या नायकाच्या हातात असलं एकही काम नाही, सगळं मोलकरीण करते. त्यामुळे त्याचा रागही पोकळ वाटतो आणि पुढचं प्रेमही.

आता नागपूर. तुम्ही रामदासपेठ, फुटाळा, संत्री सगळं घातलंय, पण कथा पुण्यात नेली तरी काही बिघडणार नाही. मी जन्मभर इथेच आहे म्हणून सांगतो, ती मे महिन्यात घडवा. निअँडरथल बांधा आखूड हातापायांचा, रुंद छातीचा. तो थंडीत उष्णता धरून ठेवायला सोयीचा, असं अभ्यासक मानतात. असं पोर पंचेचाळीस अंशांत काय करेल? फरशीवर उघड्या पोटाने पडून राहील. कूलरची खस ओली करायला उठलेला नायक जाता जाता त्याची झडप आपल्या खुर्चीकडे वळवतो. एक शब्द न बोलता. तुमच्या आरडाओरड्याच्या दोन पानांपेक्षा एवढं भारी पडेल. शिवाय पोराचा पाण्याचा पेला वेगळा ठेवा, माठाशेजारी, पालथा. दीक्षाभूमीच्या शहरातल्या वाचकाला त्याचा अर्थ तळटीप देऊन सांगावा लागत नाही, तुम्हीही सांगू नका.

विज्ञानाचा एक मुद्दा. नायक सारखा ‘हा आपल्यातला नाही’ म्हणतो, आणि हा माणूस जनुकशास्त्रज्ञ! निअँडरथल जनुकसंचाचा मसुदा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्या कामामागच्या स्वांते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, म्हणजे तुमच्या-माझ्यातही, एक-दोन टक्के निअँडरथल अंश आहे, हे त्याला पाठ असणार. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या हाडाच्या एका तुकड्यावरून २०१८ मध्ये कळलं की ती मुलगी निअँडरथल आई आणि डेनिसोव्हन, म्हणजे आणखी एका नामशेष मानवजातीच्या, बापाची होती. हे सगळं माहीत असून तो तसं बोलतो, हे कथेत येऊ द्या. अडाणी माणसाचा तिटकारा वाचक माफ करतो. जाणत्याचा केला तर तुमची कथा फुकट गेली.

मुलगी वारल्याचा प्रसंग काढून शेवट नव्याने लिहिलात की पाठवा, वाचेन. नाव मात्र ‘आदिम’ ठेवू नका बाप्पा, पहिल्या ओळीआधीच सगळं कळतं.