ऑटोकॅडच्या लेआउटमधल्या चौकोनी व्ह्यूपोर्टला एल आकार कसा द्यायचा? कोपरा ओढला की पूर्ण बाजूच सरकते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: ए१ शीट आहे, उजवीकडे खाली एरिया स्टेटमेंटचा तक्ता आहे आणि साइट प्लॅनचा व्ह्यूपोर्ट (शीटवरची खिडकी, जिच्यातून मूळ ड्रॉइंग ठरावीक स्केलमध्ये दिसतं) त्या तक्त्यावर चढतोय. कोपऱ्याची ग्रिप (व्ह्यूपोर्ट निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) धरून आत घ्यायला गेलं की दोन्ही बाजू सरकतात, एकटा कोपरा काही आत येत नाही. म्हणून आता तो व्ह्यूपोर्ट उडवून त्याजागी दोन छोटे शेजारीशेजारी लावायचा तुमचा विचार चाललाय. ओढाओढीत स्केल बिघडेल अशी भीतीही तुम्हाला आहे.

तसं करू नका. दोन व्ह्यूपोर्ट जोडले की दोघांची स्केल सांभाळा, दोघांत त्याच लेयर (ड्रॉइंगचे थर) फ्रीझ केल्यात, म्हणजे दिसेनाशा केल्यात, का ते बघा, आणि पुढे कधीतरी एकात कुणी चुकून पॅन केलं की कंपाउंड वॉल मधेच अर्धा मिलिमीटर खाली उतरलेली दिसते. स्क्रीनवर ते लक्षात येत नाही, प्रिंट हातात आली की कळतं. उडवण्यात तोटा असा की त्या व्ह्यूपोर्टपुरत्या फ्रीझ केलेल्या लेयरची सगळी मांडणी त्याच्याबरोबर जाते. आहे तोच व्ह्यूपोर्ट ठेवून त्याची कडा बदलता येते. त्यासाठी कमांड आहे व्हीपीक्लिप (VPCLIP).

साधा व्ह्यूपोर्ट हा आयतच असतो आणि ग्रिपने कितीही ओढला तरी आयतच राहतो. ऑटोकॅडची ही खोड नाही, ते तसंच ठरवलेलं आहे. वेगळा आकार हवा तर त्याला दुसऱ्या आकृतीने कापावं लागतं. ही सोय ऑटोकॅड २००० मध्ये आली, त्यामुळे ऑफिसात कितीही जुनी आवृत्ती असली तरी बहुतेक तुमचं काम होईल.

आधी व्ह्यूपोर्ट लॉक करा. प्रॉपर्टीजमध्ये ‘डिस्प्ले लॉक्ड’ला यस करा, किंवा व्ह्यूपोर्ट निवडून खालच्या पट्टीतल्या कुलपावर क्लिक करा. मग व्ह्यूपोर्टच्या बाहेर डबल क्लिक करून पेपर स्पेसमध्ये, म्हणजे शीटवर, या. व्ह्यूपोर्टची चौकट जाड दिसत असेल तर तुम्ही अजून मॉडेलमध्येच, म्हणजे व्ह्यूपोर्टच्या आतल्या मूळ ड्रॉइंगमध्येच, आहात. तिथे काढलेली पॉलिलाइन या कामाला चालत नाही, आणि ‘कमांड चालतच नाही’ ही तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा घोळ इथेच असतो. आता एफ८ ने ऑर्थो चालू करून शीटवरच हव्या त्या आकाराची पॉलिलाइन (अनेक तुकड्यांची एकसंध रेघ) काढा. एल आकाराला सहा कोपरे. तुमचा तक्ता समजा १८० बाय १२० मिलिमीटरचा असेल, तर आतला कोपरा त्याच्यापासून पाचेक मिलिमीटर सोडून घ्या. शेवटचा बिंदू हाताने जुळवू नका, क्लोज द्या. पॉलिलाइन बंद नसेल तर ऑटोकॅड ती घेणार नाही.

मग व्हीपीक्लिप टाइप करा, आधी व्ह्यूपोर्टवर क्लिक, नंतर पॉलिलाइनवर क्लिक. झालं. स्केल तीच राहते, फ्रीझ केलेल्या लेयर तशाच राहतात. पॉलिलाइन आधी काढायची नसेल तर व्ह्यूपोर्ट निवडल्यावर नुसतं एंटर दाबलं की पॉलिगोनल पर्याय सुरू होतो, कोपरे तिथल्या तिथे देता येतात. मला मात्र आधी काढलेली पॉलिलाइनच बरी वाटते, मापं नीट बसतात. पॉलिलाइनच हवी असंही नाही, वर्तुळ, एलिप्स, बंद स्प्लाइन, रीजन यांनीही कापता येतं. जिन्याचा १:२० चा डिटेल गोलात दाखवायचा तर वर्तुळ काढा आणि एमव्ह्यू (MVIEW) कमांडमधला ऑब्जेक्ट पर्याय वापरा, म्हणजे नवा व्ह्यूपोर्ट थेट गोलच बनतो. असा गोल मोठ्या व्ह्यूपोर्टच्या पोटात बसला आणि डबल क्लिकने भलताच व्ह्यूपोर्ट उघडायला लागला, तर कंट्रोल आणि आर दाबून एकातून दुसऱ्यात जाता येतं.

लेयरचं इथे जरा जपून. कापायला वापरलेली पॉलिलाइन ज्या लेयरवर काढली त्याच लेयरवर राहते, त्यामुळे शीटवर नको ती एल आकाराची रेघ छापून येऊ शकते. व्ह्यूपोर्टसाठी वेगळी लेयर ठेवा आणि तिचं प्लॉट बंद करा. ती लेयर ऑफ केली तरी चालेल, पण फ्रीझ करू नका. साध्या चौकोनी व्ह्यूपोर्टची लेयर फ्रीझ केली तर फक्त चौकट दिसेनाशी होते. कापलेल्या व्ह्यूपोर्टच्या कडेची लेयर फ्रीझ केली की कापणंच लागू होत नाही आणि ड्रॉइंग पुन्हा तक्त्यावर पसरतं. सबमिशनच्या आदल्या रात्री कुणीतरी लेयरची साफसफाई करतं आणि सकाळी सगळे विचारतात की हे झालं कसं.

स्केलबद्दल तुमची जी भीती आहे ती बरीचशी अनाठायी आहे. चौकट ओढल्याने किंवा लहानमोठी केल्याने आतली स्केल बदलत नाही. ती बिघडते व्ह्यूपोर्टच्या आत जाऊन माउसचं चाक फिरवल्याने, म्हणून तर आधी लॉक. एक तपासून घ्या, तुमचं ड्रॉइंग मीटरमध्ये आहे का? आपल्याकडे साइट प्लॅन सर्रास मीटरमध्ये काढतात आणि शीट असते मिलिमीटरमध्ये. अशा वेळी यादीतली १:१०० निवडली तर ३० मीटरची इमारत कागदावर ०.३ मिलिमीटरची होते, म्हणजे ठिपकाच. १:१०० साठी झूम कमांडमध्ये १०एक्सपी (10xp, म्हणजे ड्रॉइंगचं एक एकक कागदावर १० मिलिमीटर) द्या, १:५०० साठी २एक्सपी. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर यादीतली स्केल सरळ चालते.

अजून एक बघा. शेजारचा प्लॉट किंवा झाडं दिसू नयेत एवढ्यासाठीच कापाकापी चालली असेल, तर आकाराला हात लावू नका, त्या लेयर त्या व्ह्यूपोर्टपुरत्या फ्रीझ करा. पंधरा-वीस कोपऱ्यांचे व्ह्यूपोर्ट मी पाहिलेत, आणि त्यात हमखास कुठलं तरी डायमेन्शन अर्धं कापलेलं असतं. कड ही रेघही कापते आणि अक्षरंही, ती भेद करत नाही.

पुढे बदल लागला तर कापलेल्या व्ह्यूपोर्टच्या ग्रिप पॉलिलाइनच्या कोपऱ्यांवर येतात आणि आता एकेक कोपरा सुटा हलतो, म्हणजे तुम्हाला मुळात हवं होतं तेच. जास्तीचे कोपरे हवे असतील तर नवी पॉलिलाइन काढून पुन्हा व्हीपीक्लिप द्या, जुनी कड आपोआप जाते. आणि एल आकारच नको झाला तर त्याच कमांडमध्ये डिलीट पर्याय आहे. तिथे फक्त कापण्याची कड पुसली जाते, व्ह्यूपोर्ट नाही, त्यामुळे तो शब्द बघून घाबरू नका.