आई-बाबांच्या भांडणात दर वेळी मीच का अडकते?

तुम्ही लिहिलंय की घरी अबोला सुरू झाला की दोघंही तुम्हालाच फोन करतात, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आलात तरी ते सुटलं नाही. आणि विचारलंय की फॅमिली सिस्टम्स थिअरीत, म्हणजे माणसाला एकट्याला न बघता अख्ख्या घराच्या नात्यांत बघणाऱ्या विचारात, याचं काही उत्तर आहे का. आहे. मला त्याचा फार आधार झाला, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे अबोला असला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "बाबांना सांग, पान वाढलंय." बाबा चार पावलांवर, बाहेरच्या खोलीत. त्यांना ऐकू गेलेलं असायचं, तरी मी जाऊन सांगायचे. "आईला सांग, भूक नाही." मी परत आत. आमटी निवून जायची आणि मी उंबऱ्यात उभी, दोघांचे चेहरे बघत. नऊ वर्षांची असेन. वाटायचं, मी नीट सांगितलं तर मिटेल.

ही थिअरी मांडणारे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला 'त्रिकोण' म्हटलं. दोघांतला ताण दोघांना पेलेनासा झाला की तिसरं माणूस ओढलं जातं. थोडा भार त्याच्यावर गेला की त्या दोघांना हायसं वाटतं, आणि मूळ भांडण तसंच राहतं. १९५४ ते १९५९ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना आधी आईसोबत आणि पुढे वडील-भावंडांसकट वॉर्डात राहायला ठेवलं होतं. एकाची घालमेल दुसऱ्यात कशी उतरते, हे त्यांनी तिथे रोज पाहिलं. घरच्यांमुळे हा आजार होतो, असा अर्थ मात्र यातून काढू नका. हीच वळणं कमी-जास्त प्रमाणात सगळ्याच घरांत असतात, असं बोवेन यांचंच पुढे मत झालं.

लांब जाऊनही का सुटत नाही, तेही त्यांनी सांगितलंय. संबंध तोडले किंवा नुसते वरवरचे ठेवले, तरी आतली गुंतवणूक तशीच राहते. मी दोन वर्षं घरचे फोन टाळले. तरी स्क्रीनवर 'आई' दिसलं की पोटात गोळा यायचा.

मग एका समुपदेशक बाईंनी मला तीन पिढ्यांचा नकाशा काढायला लावला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, आणि कुणाचं कुणाशी कसं होतं त्याच्या रेघा. माहितीसाठी आत्याला फोन केला. ती सहज म्हणाली, "अगं, आजी-आजोबा महिना महिना बोलायचे नाहीत. तुझा बाबाच निरोप न्यायचा-आणायचा." मी पेन्सिल धरून कितीतरी वेळ तशीच बसले. बाबांचा राग त्या दिवशी बराच ओसरला.

करायचं काय? बोवेन यांचा भर 'डिफरन्शिएशन'वर आहे. म्हणजे माणसं न तोडता, त्यांच्या ताणाच्या वेळीही आपलं डोकं आपल्यापाशी ठेवणं. मी आईला एवढंच म्हणू लागले, "हे तू बाबांनाच सांग. तुझी कंबर कशी आहे, ते मला सांग." ती चिडली. "तू पण त्यांच्याच बाजूची!" तीन आठवडे तिचा फोन नाही. हे होणारच, त्याची तयारी ठेवा. आपण जागा बदलली की घर आपल्याला जुन्या जागी ओढतं. तेव्हा वाद घालू नका, समजावत बसू नका, पण रविवारचा फोन चुकवू नका. मी तो तिने उचलला नाही तरी करत राहिले.

घरात मारहाण असेल तर मात्र हे लागू करू नका. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

आमच्याकडे भांडणं थांबलेली नाहीत. पण गेल्या दिवाळीत आईने सवयीने मला हाक मारली, थांबली, पदराला हात पुसले आणि स्वतःच दारापर्यंत जाऊन म्हणाली, "चला, पान वाढलंय."