अडीच वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, पाळणाघरात काय सांगून ठेवावं?

ताई, पुढच्या महिन्यात तुम्हाला कामावर रुजू व्हायचंय आणि पाळणाघरवाल्या बाईंना नेमकं काय सांगावं, हा तुमचा प्रश्न आहे. मी लातूरला राहत्या घरीच पाळणाघर चालवते, 14 लेकरं आहेत. माझ्या हातून झालेली चूकच आधी सांगते.

एका आईनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "याला शेंगदाणे चालत नाहीत." मी हो म्हटलं. आवडत नसतील, खोकला होत असेल, असं मी धरून चालले. चिक्की, लाडू त्याच्यापासून लांब ठेवले. पण आपल्याकडं शेंगदाणा डोळ्यांना दिसतो कुठं? वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट. त्यात एकादशी आली. मदतीला येणाऱ्या मावशींनी स्वतःपुरती भगर आणि आमटी आणली होती. पोरगं मांडीवर जाऊन बसलं, त्यांनी मायेनं दोन घास भरवले. आमटी अर्थातच दाण्याची.

10 मिनिटांत अंगभर गांध्या उठल्या. मावशी म्हणाल्या, पित्त उठलंय, आमसूल लावा. आणि मी खरंच आमसूल भिजत घातलं! मग आईला फोन लावत बसले, तो लागेना. त्याला उलटी झाली, आवाज घोगरा झाला, तेव्हा कुठं रिक्षा करून पळाले. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं. लेकरू वाचलं, पण आमसुलात गेलेली ती मिनिटं मला अजून टोचतात.

म्हणून 'चालत नाही' म्हणू नका. 'अ‍ॅलर्जी आहे, दवाखान्यात न्यावं लागेल' असं म्हणा आणि तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नुसत्या थोड्या गांध्या असतील तर काय करायचं, आणि ओठ-जीभ सुजली, उलट्या झाल्या, श्वासाला घरघर लागली किंवा लेकरू मलूल पडलं तर काय, हे वेगवेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या परवानगीची वाट बघायची नाही. आधी 108 ला फोन किंवा जवळचा दवाखाना, नंतर तुम्हाला. त्या वेळी सेटिरिझिनवर, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधावर, भागत नाही, त्यानं गांध्या बसतील, श्वास मोकळा होणार नाही. लेकराला चालवायचं नाही, आडवं ठेवायचं. दम लागला असेल तर बसतं धरायचं. स्वतःच टोचायचं अ‍ॅड्रेनॅलिनचं पेन आपल्याकडच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, म्हणून इंजेक्शन देऊ शकणारा सगळ्यांत जवळचा दवाखाना आधीच बघून ठेवा.

माझ्याकडं आता येळवशीच्या (आमच्याकडच्या वेळ अमावस्येच्या सणाच्या) दुसऱ्या दिवशी कुणाचाही डबा वाटून खायचा नाही. सणाच्या भज्जीत, म्हणजे मिसळीच्या भाजीत, दाणे असतातच. दोन आज्या अजून रुसलेल्या आहेत, "एवढ्याशानं काय होतंय" म्हणून. रुसू देत.

औषधांचं वेगळंच. "ताप आला तर चमचाभर पॅरासिटामॉल द्या," असं सांगून आया निघून जातात. पण एका बाटलीत 5 मिलीला 125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250, आणि थेंबांच्या बाटलीत 1 मिलीलाच 100. डोस साधारण किलोला 15 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे 12 किलोच्या लेकराला 180 झाले. त्याला थेंबांच्या बाटलीतून 5 मिलीचा चमचा दिला तर पोटात 500 जातात! म्हणून मी मूळ खोक्यासकट बाटली, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मिलीच्या खुणांची सिरिंज असल्याशिवाय काहीच देत नाही. वर, सकाळचा डोस किती वाजता दिला ते वहीत लिहून घेते. एकदा आईनं 8 ला दिलेलं आणि मी 10 ला पुन्हा देणार होते. मध्ये निदान 4 तास तरी हवेत. खोकल्याचं औषध मी हातातच घेत नाही. 2025 मध्ये छिंदवाड्यात विषारी सिरपनं लेकरं दगावली, त्यानंतर तर नाहीच. अँटिबायोटिकच्या ज्या पातळ औषधाला पाणी कालवल्यावर फ्रीज लागतो, ते आमच्या लोडशेडिंगमध्ये टिकत नाही. डॉक्टरांना विचारून त्याच्या वेळा घरच्याच बांधून घ्या.

पाळणाघर बघायला जाल तेव्हा खेळणी नंतर बघा. आधी बाईंना विचारा, एकादशीला तुमच्याकडं स्वयंपाकात काय असतं, आणि लेकराला कोण-कोण भरवतं?