घड्याळाचा पॅच तपासताना

केव्हीएम-क्लॉक म्हणजे होस्टने (मूळ यंत्राने) गेस्टला (त्यावर चालणाऱ्या आभासी यंत्राला) वेळ पुरवायची सोय. तिचा पॅच, म्हणजे कोडमधला बदल, हातात आला की आधी एकच बघ: या बदलानंतर गेस्टमधली मोनोटॉनिक (फक्त पुढेच जायला हवी अशी) वेळ कधी मागे जाऊ शकते का? तसं झालं तर टायमर आणि वेळेचे हिशेब दोन्ही बिघडतात.

होस्ट गेस्टसाठी वेळेची जी नोंद लिहितो, तिच्या व्हर्जन फील्डवर (आवृत्तीच्या आकड्यावर) सावकाश नजर फिरव. होस्ट लिहीत असताना तो आकडा विषम असतो, लिहून झालं की सम. गेस्टने वाचनाआधी आणि नंतर तो ताडायचा. विषम किंवा बदललेला दिसला तर पुन्हा वाचायचं. इथला मेमरी बॅरियर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) कुणी अनावश्यक म्हणून काढला असेल, तर पॅच तिथेच थांबव.

टीएससीतला (प्रोसेसरच्या टिकटिक मोजणाऱ्या काउंटरमधला) फरक गुणताना ६४ बिटांबाहेर सांडत नाही ना, तेही तपास. आणि लाइव्ह मायग्रेशनची (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवण्याची) चाचणी झाली का, हे विचारच. मी एकदा विचारलं नव्हतं, त्याची रुखरुख अजून आहे.